रशियन भाषेच्या विभक्ति

परकी भाषेचें व्याकरण म्हणजे रूक्ष कोष्टक, असा पुष्कळांचा समज असतो. रशियन भाषेच्या अभ्यासांत आम्हांस निराळाच अनुभव आला. संबोधन धरून आठ विभक्तींची संवय असलेल्या मराठी माणसास तिच्या सहा विभक्तींचें भय नको. पंचमीचें बरेंचसें काम तेथें षष्ठीच उरकते. आपण 'पुस्तक पाहतो', पण 'मुलाला पाहतो'. हा सजीव-निर्जीव भेद त्या भाषेसही ठाऊक आहे. व्यंजनान्त पुल्लिंगी नाम सजीव असेल, तर त्याची द्वितीया षष्ठीचें रूप घेते. निर्जीव असेल, तर प्रथमेसारखीच राहते.

एका नियमापाशीं मात्र आम्ही थबकलों. जें नाहीं, तें रशियन भाषा षष्ठींत घालते. 'अत्येत्स' म्हणजे वडील; ते नाहींत हें सांगावयाचें तर 'न्येत अत्सा', जणूं 'वडिलांचें नसणें'. लहानपणीं ज्यांनीं आमच्याकडून 'देवः देवौ देवाः' घोकून घेतलें, ते वडील आज नाहींत. मराठींत ते नसूनही प्रथमेंतच, कर्त्याच्या आसनावर, बसतात. रशियनमध्यें तें आसन रिकामें दिसतें.

परंतु तीच भाषा पुढें दिलासाही देते. 'त्रूप' म्हणजे प्रेत, हा शब्द तिच्या लेखीं निर्जीव. 'पकोय्निक' म्हणजे दिवंगत माणूस, हा मात्र ती सजीवांप्रमाणेंच चालविते. यापुढें कोणी व्याकरणास रूक्ष म्हटलें, तर आम्ही त्यास हे दोन शब्द द्वितीयेंत चालवून दाखवूं.