शेवटी हात कोणी लावला?

आमच्या ऑफिसात बिल्ड पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटचं चेक-इन कोणाचं?" घरी मिक्सर बंद पडला की हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, "शेवटी हात कोणी लावला होता?" प्रश्न तसा चुकीचा नाही. बऱ्याचदा चोर तिथंच सापडतो. गोची होते ती उरलेल्या वेळी. गेल्या दिवाळीत काटेवाडीला अशाच एका उरलेल्या वेळी मी हजर होतो, म्हणून हा प्रपंच.

काटेवाडी बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागते. तुकोबांच्या पालखीपुढचं मेंढ्यांचं रिंगण होतं ते हेच गाव. तिथं काका राहतात. त्यांच्या माळ्यावर माझ्या चुलतभावाचा जुना टीव्ही गेम होता. नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना वेगळं सांगायला नको: '९९९९ इन १' लिहिलेली जाडजूड कॅसेट, आणि आत फिरून फिरून तेच मारिओ नि कॉन्ट्रा. निन्टेन्डोनं १५ जुलै १९८३ ला जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' आणला, त्याची ही नक्कल. मूळ मशीनमध्ये प्रोसेसर वेगळा आणि चित्र काढणारी चिप वेगळी. पुढच्या स्वस्त नकलांमध्ये दोन्ही एकातच कोंबून वर काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकलेला. तो थेंब जळला की खेळ खलास.

दादा २०२१ मध्ये गेला. त्याचा मुलगा आता दहावीत आहे आणि बापाचा हा गेम त्याला नव्या टीव्हीवर चालवायचा होता. अडचण अशी की आमच्या या मशीनला फक्त अँटेनाची वायर. आत पत्र्याच्या डबीत मॉड्युलेटर असतो, तो चित्राचं टीव्ही चॅनेल बनवतो, आणि ते चॅनेल नव्या टीव्हीला काही केल्या धड पकडता येईना. उपाय जुना आणि प्रसिद्ध आहे: चित्राचा सिग्नल मॉड्युलेटरच्या आधीच उचलायचा, एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर नि एक कपॅसिटर यांतून काढायचा आणि डब्याला पिवळं-पांढरं सॉकेट बसवायचं. पोरानं सगळी जोडणी स्वतः केली. मी फक्त बॅटरी धरून उजेड पाडत होतो. सोल्डरिंग माझ्यापेक्षा सरस, खोटं कशाला बोला.

बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही. अर्ध्या मिनिटात आतलं ७८०५ चटका बसेल इतकं तापलं. (७८०५ म्हणजे अडॅप्टरचे ९ व्होल्ट घेऊन पुढे ५ व्होल्ट देणारा तीन पायांचा रेग्युलेटर.) बंद करून मीटर लावला: ५ व्होल्टची लाइन आणि निगेटिव्ह यांच्यात एक ओहमसुद्धा नाही. सरळसरळ शॉर्ट.

काका दारातून बघत होते. म्हणाले, "चांगली वस्तू हुती. ह्यानं उघाडली न् घालवली." एवढंच. पोरानं सोल्डरिंग गन खाली ठेवली आणि स्क्रू गोळा करायला लागलं. दहावीनंतर डिप्लोमा की आयटीआय अशी त्याची रोज चर्चा चालायची, ती त्या संध्याकाळी एकदम बंद झाली. मला शॉर्टपेक्षा हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पहिली चाचणी केली ती 'शेवटचं चेक-इन' काढून टाकायची. नव्या सर्किटची ५ व्होल्टची वायर सोडवली. शॉर्ट तसाच. बाकीच्या वायरी सोडवल्या. तरी तसाच. आता बोला! म्हणजे पोराच्या जोडणीत दोष नव्हता. पण हे काकांना पटेना, कारण कालपर्यंत चालत होतं आणि आज चालत नाही, हे तर सगळ्यांनीच पाहिलं होतं. पुरावा म्हणून शॉर्ट प्रत्यक्ष दाखवायला हवा होता.

आणि इथंच साधा मीटर हात टेकतो. ५ व्होल्टची पट्टी बोर्डभर फिरलेली असते. कुठंही मोजा, शॉर्टच दिसतो. तो नेमका कुठं आहे हे मीटरची 'पीं' सांगत नाही. एकेक पार्ट उपटत बसलं की पन्नास ठिकाणी सोल्डर लागतं आणि जुन्या बोर्डाच्या पट्ट्या उखडून येतात. शेवटी बोर्ड पिशवीत घालून मोटर रिवाइंडिंगवाल्या तात्यांकडे गेलो.

आपल्याकडे ज्या गावात उसाला पाणी आहे तिथं रिवाइंडिंगवाला असतोच. पाणबुडी मोटरी, स्टार्टर, मिक्सर, सगळं त्याच्याकडे. आणि त्याच्या दुकानात एक लाकडी फळी असते: होल्डरमध्ये शंभर-दोनशे वॅटचा पिवळा बल्ब आणि शेजारी सॉकेट, दोन्ही सिरीजमध्ये. दुरुस्त केलेली वस्तू आधी त्या सॉकेटला लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, बाकी काही जळत नाही. कारण वस्तूनं कितीही करंट ओढायचं म्हटलं तरी बल्बच्या तारेतून जाईल तेवढाच जातो. (घरी करू बघणाऱ्यांसाठी: हा बल्ब वस्तूला वाचवतो, माणसाला नाही. शॉक पूर्ण बसतो.)

तात्यांनी बोर्ड उलटसुलट केला. मी फळीकडे बघतोय म्हटल्यावर हसले. "ह्या एवढ्याशा अडॅप्टरला तो बल्ब जागासुदिक हुनार न्हाई, इंजिनियरसाहेब. वस्तू बारकी, तर बल्ब बारका." ड्रॉवरमधून मोटरसायकलच्या टेललॅम्पचा १२ व्होल्टचा बल्ब काढला, त्यातली ५ वॅटची तार अडॅप्टर आणि रेग्युलेटरच्या मध्ये जोडली. बटण दाबल्यावर बल्ब तांबूस पेटला. ७८०५ नुसतं कोमट. म्हणजे शॉर्ट आहे, करंट वाहतोय, आणि आता आपण तासभर निवांत शोधत बसलो तरी चालणार आहे. माझ्या क्षेत्रात याला बग 'रिप्रोड्यूस' करणं म्हणतात, आणि तो झाला की निम्मं काम संपतं.

पुढचं काम मिलिव्होल्टचं. तांब्याच्या पट्टीलाही थोडा रोध असतो. पाव-एक अँपिअर वाहिला तरी मिलीमीटरभर रुंद पट्टीवर दर सेंटिमीटरला एखादा मिलिव्होल्ट पडतो, आणि साधा डिजिटल मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर तो दाखवतो. काळी पिन निगेटिव्हवर ठेवायची आणि लाल पिन रेग्युलेटरपासून पट्टीवरून पुढे सरकवायची. आकडा उतरत जाईल तिकडे जायचं. ज्या फाट्यावर आकडा हलत नाही तिकडे करंट जातच नाही, तो फाटा सोडून द्यायचा. "आरं, चारी फुटल्यावर पाणी कुठं पळतंय ते बघतूस, तसंच हाय," तात्या पोराला म्हणाले. कालव्याच्या गावातल्या पोराला याहून सोपं काय सांगणार?

पिन पोरानंच धरली. कॅसेटच्या सॉकेटकडचा फाटा: आकडा गप्प. काळ्या थेंबाकडचा: गप्प. (मी मनात हुश्श केलं.) मॉड्युलेटरकडचा फाटा: उतरतोय, उतरतोय... पत्र्याच्या डबीच्या कडेला सगळ्यात कमी. डबी सोडवून उचलली. खाली भाताच्या शितापेक्षा बारीक तारेचा तुकडा, डबीचा पत्रा आणि ५ व्होल्टची पिन यांच्यामध्ये आडवा. एखाद्या पार्टचा कापलेला पाय. वर जुन्या फ्लक्सचा तपकिरी थर होता, म्हणजे कारखान्यात बोर्ड बनला त्या दिवसापासून तो तिथं चिकटून बसलेला असणार. शेजारी सोल्डरिंगची उष्णता लागली, फ्लक्स मऊ झाला आणि तुकडा सरकला. पोरानं हात लावला म्हणून तो उघड झाला हे खरं. पण तो ठेवला होता कोणी भलत्यानंच, आणि पोराच्या जन्माच्या कितीतरी आधी.

बल्ब ठेवूनच परत बटण दाबलं. आता तो जेमतेम लालसर, आणि गेमचा लाल दिवा लागला. चिमट्यात धरलेला तुकडा पोरानं घरी नेऊन काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "एवढ्यानं?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर म्हणाले, "आतल्या खोलीतला पंखा बी आवाज करतोय, बघ जरा." आमच्या घरात माफी याच भाषेत मागतात.

शेवटच्या हातावर संशय घ्यायला माझी हरकत नाही. तो बदल काढून बघा, एका मिनिटाचं काम आहे. पण काढल्यावरही दोष राहिला, तर त्या हाताचं नाव घेणं तिथंच थांबवायचं आणि करंट कुठं वाहतोय ते मोजायला लागायचं. नाहीतर वस्तू बिघडलेलीच राहते, आणि पुढच्या वेळी कोणी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.

असो. चित्र आता झकास येतं, आवाजात मात्र थोडी घरघर आहे. पोराचा संशय अडॅप्टरमधल्या कपॅसिटरवर आहे. मला वाटतं निगेटिव्हची वायर. पैज वडापावची लागली आहे, आणि मोजणार तो आहे.