खळ्यावर भात आणि नाक्यावर माणसं



काल 20 तारखेला मतदान झालं. बोटावर शाई आहे, आता लिहायला हरकत नाही. पक्ष कुठला, उमेदवार कोण, ते विचारू नका. सांगणार नाही, कारण गोष्ट त्यांची नाहीच.

10 नोव्हेंबर, रविवार. आमचं दीड एकर गरवं भात शुक्रवारी कापून झालं होतं. दोन दिवस वावरात वाळत पडलेलं. ऑक्टोबरात परतीच्या पावसाने खाचरात पाणी साचलं होतं, त्यामुळे कापणीला आधीच उशीर झालेला. रविवारी भारे बांधून खळ्यावर आणायचे असं ठरलं होतं. पाड्यावरची सहा माणसं येणार होती, तसं शनिवारी संध्याकाळी बोलणं झालं होतं.

सकाळचे नऊ वाजले, कोणी नाही. अकरा वाजले, तरी कोणी नाही. दुपारनंतर आभाळ भरून यायला लागलं. भात करणाऱ्याला त्या वेळी पोटात काय होतं ते वेगळं सांगायला नको. 2024-25च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता, पण खरेदी केंद्रावर ओलावा 17 टक्क्यांच्या वर निघाला की भात परत. मग व्यापारी सांगेल तो भाव.

मोटारसायकल काढून पाड्यावर गेलो. दारात दोन म्हाताऱ्या आणि पोरं. विचारलं तर म्हणाले, "सगली धामणकर नाक्याला गेली. सभा हाय. दोन टेम्पो आलेले."

डोकं फिरलं. तसाच गाडी घेऊन निघालो भिवंडीला. जेमतेम नऊ किलोमीटर, पण लागला एक तास. ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांना सांगतो, अंजूरफाट्यापासून गोदामांचे कंटेनर आणि कापडाचे तागे भरलेले टेम्पो एकाच रस्त्याला लागतात. त्यात मेट्रोचं काम. 2018च्या डिसेंबरात कल्याणला पंतप्रधानांनी पायाभरणी केली तीच ही मेट्रो 5, आणि ठाण्याकडून तिचा पहिला टप्पा या धामणकर नाक्यापर्यंतच आहे. खांबांच्या खालून धूळ खात नाक्यावर पोचलो तेव्हा चार वाजले होते.

नाक्याजवळच मांडव होता. स्पीकरवर गाणी चालू, उमेदवाराचा पत्ता नाही. पुरुष बाहेर पुलाच्या सावलीत बसलेले, बायका आत खुर्च्यांवर. आमची मावशी, जी वीस वर्षं आमच्याकडे लावणीला आणि कापणीला येते, चौथ्या रांगेत बसली होती. डोक्यावर कागदी टोपी, हातात पाण्याची बाटली. मी जाऊन उभा राहिलो.

"मावशी, भात वावरात पडलंय. आभाळ बघितलं का?"

ती गडबडली नाही. बाजूच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि म्हणाली, "बस दादा."

"बसायला नाही आलो. काल तुम्ही हो म्हणालात ना?"

"म्हनलं होतं. सकाली टेम्पो आला. तुझ्याकडं चारशे, इथं तीनशे आनि जेवन." थोडं थांबून म्हणाली, "पन दादा, इथं बसायला मिलतं."

मंडळी, मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. शंभर रुपये कमी घेऊन ही बाई इथे आली होती, आणि कारण काय, तर खुर्ची. आठ ते पाच कंबरेत वाकून विळा चालवणाऱ्या बाईला दिवसभर कोणी बसायला सांगितलं, वर पाणी आणून दिलं. माझ्या वावरात वीस वर्षांत मी तिला कधी "बस" म्हणालो असेन ते मला आठवेना.

मी बसलो. टेम्पो सभा संपल्याशिवाय हलणार नव्हते, आणि मोटारसायकलवर सहा माणसं येत नाहीत.

उमेदवार सहाच्या सुमाराला आले. हार झाले, फटाके झाले, मग भाषण. यंत्रमागाचं वीजबिल, नाक्यावरची कोंडी, पाणी, खड्डे, मेट्रो. बोलले बरं, खोटं कशाला बोलू. पण भात हा शब्द एकदाही आला नाही. मला आधी राग आला, मग लक्षात आलं की त्यांनी बोलायचं तरी कशाला? ही सभा शहराच्या जागेची होती. शहराचे मतदारसंघ दोन, भिवंडी पूर्व आणि भिवंडी पश्चिम. आमची मतं भिवंडी ग्रामीणला. म्हणजे माझ्या आजूबाजूला टेम्पोतून आलेल्यांपैकी एकाचंही मत त्या उमेदवाराला पडू शकत नव्हतं! आम्ही मतदार म्हणून आलोच नव्हतो. आम्ही फोटोत मैदान भरलेलं दिसावं म्हणून होतो.

विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाखांची. त्यात मांडव, खुर्ची, जेवण सगळं दरपत्रकाप्रमाणे धरायचं असतं. खुर्ची हिशोबात येते. खुर्चीवर आणून बसवलेला माणूस मात्र स्वतःहून आलेला असतो, असं म्हणायचं.

बसल्या बसल्या मला सोनाळ्याची सभा आठवली. 6 मार्च 2014ला राहुल गांधी तिथे बोलले होते. त्या भाषणातल्या वाक्यांवरून झालेला बदनामीचा खटला 2024मध्येही भिवंडीच्या कोर्टात चालू होता. तेव्हा दहा वर्षं झाली होती. सभेत बोललेल्या शब्दाला इतकं वजन असतं. मग "तुमच्या गावाला पाणी देतो" या शब्दाला ते का नसतं?

मावशीला विचारलं, "आपल्या जागेच्या सभेला पण गेली होतीस?" आमची ग्रामीणची जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे.

"गेलते. तिथं बी टेम्पोच आला. आमच्यातलाच उभा ऱ्हातो, तरी पाड्यावर पयला टेम्पोच येतो."

यावर मी काय बोलणार? मी तरी पाड्यावर कधी जातो? माणसं लागतात तेव्हाच.

घरी पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. बायको आणि मुलगा बॅटरी लावून भारे बांधत होते. आम्ही तिघांनी अकरापर्यंत निम्मं भात खळ्यावर आणलं. मग थेंब आले. फार नाही, दहा मिनिटं. पण उरलेलं निम्मं भिजलं.

सोमवारी सहाला, अजून नीट उजाडलं नव्हतं, तेव्हा सात माणसं वावरात उभी. सहा ठरलेली, सातवी मावशीची सून. कोणी काही बोललं नाही. भिजलेलं भात उलटून पसरलं, दोन दिवस उन्हं दिली, बुधवारी झोडणी केली. दाणा थोडा काळवंडला. नुकसान झालं, पण वाटलं होतं तेवढं नाही.

त्या दिवशी दुपारी मी खळ्याच्या बाजूला ताडपत्री बांधली, खाली चटई टाकली आणि एक तास सुट्टी दिली. मजुरी साडेचारशे केली. मुलगा म्हणाला, परवडणार नाही. मी त्याला हिशोब दाखवला. सात माणसांचे पन्नास जास्त म्हणजे दिवसाला साडेतीनशे. एका रात्रीच्या दहा मिनिटांच्या पावसाने त्याच्या कितीतरी पट गेले होते.

हे मोठेपणा म्हणून लिहीत नाही. मजूर मिळत नाहीत, सगळे गोदामात गेले, फुकटची सवय लागली, हे मी पण पारावर बसून कितीदा बोललोय. आता तोंडातून निघायच्या आधी ती खुर्ची आठवते.

काल मतदानाला मी आणि मावशी एकाच शाळेत, एकाच रांगेत होतो. दीड तास उभे. तिथे खुर्ची नव्हती आणि टेम्पोही आला नव्हता. पाड्यावरून सगळी चालत आली होती.

आता त्याच वावरात वाल टाकलाय, ओल आहे तोवर उगवून येईल. तुमच्याकडे निवडणुकीत कापणीला माणसं मिळाली का? आणि दुपारी त्यांना बसायला सावली असते का, तेही खरं खरं सांगा.