गेम रोह्याला, पुतण्या पेणला

सकाळची मेमू रोह्याला लागलेली असते. पुतण्या खिडकी पकडतो, पिशवी मांडीवर घेतो आणि जेवणाच्या डब्याच्या आधी तिच्यातून दुसराच डबा काढतो. गेमचा रिमोट मधोमध कापून त्यात आठ इंची पडदा बसवावा, तसा. नाव प्लेस्टेशन पोर्टल. परदेशात २०२३ च्या नोव्हेंबरात निघाला, आपल्याकडे २०२४ च्या डिसेंबरात, १८,९९० रुपयांना. पोरानं पगारातून साठवून घेतला. एवढे पैसे मोजले म्हणजे गेम त्यातच असणार, असं आमच्या आईला अजून वाटतं. तसं नाही. गेम आहे घरी, टीव्हीखालच्या कपाटात, प्लेस्टेशन ५ मध्ये. हा फक्त त्याचं चित्र दाखवतो. चित्र घरच्या फायबरवरून निघतं, मोबाइलच्या टॉवरवरून पुतण्याच्या फोनवर उतरतं आणि फोनच्या हॉटस्पॉटवरून त्याच्या हातात येतं, कारण पोर्टलला स्वतःचं सिम नाही. त्यानं दाबलेलं बटण त्याच वाटेनं उलटं रोह्याला जातं. म्हणजे गाडी निडीला पोचलेली, हा बॅटिंग करतोय, आणि मॅच खरी चाललीय आमच्या घरात, जिथं टीव्ही बंद आहे आणि आई लसूण सोलत बसली आहे.

मी समोरच्या बाकावर. पेपर उघडलेला, लक्ष त्याच्या पडद्यावर.

आमच्या लहानपणी गेम आपल्याकडे यायचा नाही, आपण गेमकडे जायचो. नव्वदीची सुरुवात. रोह्याच्या पुढं गाडी जातच नव्हती. वीरपर्यंत ती पहिल्यांदा गेली १९९३ च्या जूनमध्ये. आजही मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि कोकण रेल्वे तिथून सुरू होते. त्या काळी आमच्या आळीत एकच टीव्ही गेम होता. 'टीव्ही गेम' हेच त्याचं नाव. बाकी गावात कोणाकडे 'मीडिया', कोणाकडे 'सामुराई', पण आत बहुतेक सगळ्यांच्या एकच जीव: निन्टेन्डोनं १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमचा. आम्हाला ना जपान माहीत, ना निन्टेन्डो. माहीत होतं मुंबईचं मनीष मार्केट, कारण शेजाऱ्यांचे मुंबईचे मामा गणपतीला येताना आळीतला तो गेम तिथूनच घेऊन आले होते. पाच दिवस गणपतीपुढं आरतीला जेवढी पोरं होती, त्याच्या दुप्पट आतल्या खोलीत.

तो लावणं हाच एक विधी. टीव्हीची अँटेना काढायची, गेमची वायर खोचायची, मग चॅनेलची बारीक कळ फिरवत बसायचं. आधी नुसत्या मुंग्या, मग मुंग्यांतून हिरवं-निळं काहीतरी हलायला लागायचं, आणि कोणीतरी ओरडायचं, "थांब, थांब, गेलं पुढं, मागं घे!" चित्र नाही आलं तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर. त्या फुंकरीनं काही होत नसे, थुंकीनं पिना मात्र गंजत. कॅसेट काढून परत नीट बसवली म्हणूनच ती चालायची. हे मला चाळिशीत कळलं. अजूनही पटलेलं नाही.

मग नंबर. एक जीव गेला की रिमोट पुढच्याच्या हातात. "मेलास, दे." यापेक्षा स्वच्छ न्याय मी पुढं कुठं पाहिला नाही. 'काँट्रा'मध्ये दोघं एकदम खेळू शकायचे, तिथं मात्र न्याय संपायचा. धबधब्याची एक पायरी होती. एक जण भराभर वर चढला की पडदा वर सरकायचा आणि खाली राहिलेला आपोआप मरायचा. ज्याचा गेम तो नेहमी वर. त्या पोराबद्दलचा राग अजून माझ्या मनात आहे. परवा नाक्यावर भेटला, चांगला दोन पोरांचा बाप आहे, तरी सगळ्यात आधी मला धबधबाच आठवला.

म्हणून त्या दिवसांचं फार कौतुक करायला माझं मन धजत नाही. खरं सांगायचं तर मी खेळलो कमी आणि पाहिलं जास्त. दोन तासांत दहा मिनिटं हातात. पण मागं बसून सल्ले देण्यात मी पटाईत होतो. "उडी मार, आता, आता!" आपण खेळत नसतो तेव्हा आपल्याला गेम फार छान येतो.

वाटलं होतं, हे तरी पुतण्याच्या पिढीत गेलं असेल. कारण त्याचा पडदा त्याचाच, नंबर त्याचाच. पण लोकलच्या माणसाला दुसऱ्याच्या पडद्यात डोकावण्यापासून कोण अडवणार? नागोठण्याला एक गृहस्थ चढले, हातात कोथिंबिरीची जुडी. दोन ओव्हर शांतपणे पाहिल्या. मग न राहवून, "अरे, पुढं येऊन खेळ ना! किती उशिरा बॅट आणतोस?"

पुतण्या म्हणाला, "काका, बॅट वेळेवरच आणतोय मी. ती घरी उशिरा पोचतेय."

हे अगदी खरं. बटण रोह्याला जाऊन चित्र परत यायला सेकंदाचा बारीकसा तुकडा लागतो. घरात बसून खेळताना तो जाणवत नाही, गाडीत जाणवतो, कारण फोन एक टॉवर सोडून दुसरा धरत असतो. कासूच्या आसपास, दोन्ही बाजूंना भातशेती लागली की चित्राचे चौकोन चौकोन होतात, बॉलर हवेत थिजतो आणि चित्र सुटतं तेव्हा स्टंप पडलेला असतो. रेस किंवा क्रिकेटला हे चालत नाही. सावकाश, विचार करून खेळायचे गेम मात्र बिनधास्त चालतात. त्यानं आता प्रवासासाठी तसले ठेवलेत.

आणि डेटा! सोनी सांगते किमान ५ एमबीपीएस हवा, नीट खेळायचं तर १५. पंधराच्या वेगानं तासाला पावणेसात जीबी जातात. दिवसाला दोन जीबीचा प्लॅन धरला तर अठरा मिनिटं, म्हणजे नागोठण्यालाच शून्य. ५जी अमर्याद असतं, पण जिथं ५जी आहे तिथंच. शेतातून जाताना फोन ४जीवर उतरतो आणि मीटर चालू होतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ यायच्या आधी मी एक जीबी महिनाभर पुरवायचो, फोटो उघडतानासुद्धा विचार करून. हा कासू ते पेण एवढ्यात तो उडवतो.

एक गोष्ट मात्र तेव्हाची तशीच आहे. तेव्हा गेमचा अडॅप्टर इस्त्रीसारखा तापायचा आणि शेजारच्या आजी येऊन प्लगच उपटायच्या. आणि विजा चमकायला लागल्या की घराघरांतून मेन स्विच खाली. आमची आई तेव्हाही हेच करायची, आजही करते. परतीच्या पावसात दुपारी आभाळ गडगडलं की तिचा हात आधी स्विचकडे जातो, मग वाळत घातलेल्या कपड्यांकडे.

मागच्या ऑक्टोबरात पेणला जेवणाच्या सुट्टीत पुतण्या पोर्टल घेऊन बसला, तर पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलेलं. आधी डेटा पाहिला, मग हॉटस्पॉट बंद-चालू केला, फोनच बंद करून पाहिला, मोबाइल कंपनीच्या नावानं शिव्या दिल्या. शेवटी घरी फोन.

"आजी, टीव्हीखालचा स्विच कोणी बंद केला का?"

"मी. वाय-फायचा पण केलाय. एवढा कडकडाट चाललाय, तुला ऐकू येत नाही?"

पेणला लख्ख ऊन होतं.

त्यानं संध्याकाळी स्विचवर चिठ्ठी चिकटवली, 'बंद करू नये'. आईनं चष्मा लावून वाचली, अक्षर सुधारलंय म्हणाली. दोन दिवसांनी परत गडगडलं, तेव्हा तिनं चिठ्ठीला धक्का न लावता स्विच बंद केला. आता पाऊस असेल त्या दिवशी पुतण्या डबा खायच्या आधी रोह्याला फोन करून आभाळ कसं आहे ते विचारतो.