हुक लावताना ऐकलेले लेखक

हुक लावणं, काजं करणं, साडीच्या फॉलला टाके घालणं ही आमच्या धंद्यातली बिनआवाजाची कामं. परभणी जिल्ह्यातल्या बोरीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. दिवसा मशीनच्या खडखडाटात मोबाईलमधलं काही ऐकू येत नाही, आणि कापड कापताना तर मी कुणाशी बोलतसुद्धा नाही. बगलेचा गोल चुकला की गिऱ्हाईकाचं कापड वाया. म्हणून हातशिलाई सगळी रात्रीवर ठेवते आणि ती करता करता लेखकांच्या मुलाखती ऐकते.

आधी गाणीच लावायची. 2020च्या जानेवारीत उस्मानाबादला 93वं साहित्य संमेलन झालं. फादर दिब्रिटो अध्यक्ष होते, त्यांच्या निवडीवरून बरीच धुसफूस झालेली. ब्लाउज न्यायला आलेल्या एका शिक्षिकाबाईंनी, "घ्या, तुम्हीच ऐका आणि ठरवा," म्हणत उद्घाटनाचं चित्रीकरण माझ्या मोबाईलवर लावून दिलं. उद्घाटक होते ना. धों. महानोर. ते ऐकून मी त्यांच्या जुन्या मुलाखती शोधल्या. त्यांत पळसखेडचा हा माणूस पाणी, पीक आणि कविता या तिन्हींबद्दल एकाच दमात बोलतो, आणि कविता म्हणताना ती निम्मी गातो. 'रानातल्या कविता' हे पुस्तक मी नंतर मिळवून वाचलं, पण आवाज आधी कानात बसलेला असल्यामुळं ते मला वेगळंच वाचता आलं.

मग नादच लागला. पुढची संमेलनंही ऐकली: उदगीर, वर्धा, अमळनेर. 2024ला अमळनेरात एकाच वेळी दोन मांडव पडले होते, एक अखिल भारतीय संमेलनाचा आणि एक विद्रोही साहित्य संमेलनाचा. तिथं गेलेल्या माणसाला दोन्हीकडं एका वेळी बसता आलं नसतं. मी बोरीत बसून दोन्हीकडचं ऐकलं, आणि कंटाळवाणी भाषणं दोन्हीकडची पुढं ढकलली. ही सोय मांडवात नाही. माझं मत विचाराल तर, मांडवात बसून पाहुण्यांचं स्वागत ऐकण्यापेक्षा ध्वनिमुद्रण कधीही बरं.

ऐकून ऐकून मला मुलाखत घेणाऱ्यांची पारख आली. "आपल्या लेखनाची सुरुवात कशी झाली?" असं विचारलं की मी समजते, यांनी पुस्तक वाचलेलं नाही. काहींचा प्रश्न उत्तरापेक्षा लांब असतो. लेखक बिचारा "हो" म्हणून गप्प बसतो. चांगला विचारणारा थोडकं विचारतो आणि मग थांबतो. त्या थांबण्यातच लेखक खरं काय ते बोलून जातो. छापलेल्या मुलाखतीत ही जागा दिसत नाही. हल्ली दोन-दोन मिनिटांचे तुकडे फिरतात, भांडण पेटेल तेवढंच वाक्य कापून घेतलेलं. पूर्ण तासभर ऐकलं की कळतं, ते वाक्य माणूस हसत हसत बोलला होता.

मुंबई दूरदर्शन 1972ला सुरू झालं. पुढं त्याच्यावर 'प्रतिभा आणि प्रतिमा' नावाचा कार्यक्रम लागायचा, मोठमोठे लेखक-कलावंत त्यात येऊन बोलायचे. तेव्हा आमच्या आळीत टीव्ही कुठला? त्यातले काही जुने भाग आता मोबाईलवर मिळतात. मुंबईतल्या लोकांनी चहा घेत बघितलेलं मी एवढ्या वर्षांनी दोरा ओवत बघते.

पण सगळ्यात जास्त ऐकले ते कुरुंदकर. नरहर कुरुंदकर वसमतजवळच्या कुरुंद्याचे. हिंगोली जिल्हा 1999ला वेगळा झाला, त्याआधी कुरुंदा परभणी जिल्ह्यातच होतं, म्हणजे ते आमचेच. 10 फेब्रुवारी 1982ला ते गेले, तेव्हा मी पाळण्यात होते. तरी त्यांचा आवाज मला घरातल्या माणसासारखा ओळखू येतो, कारण कुणीतरी त्यांच्या भाषणाच्या वेळी टेपरेकॉर्डर चालू ठेवला. खरखर आहे, मधेच कुणी खोकतं, टेपची बाजू बदलताना एखादं वाक्य हरवतं. असू दे. विषय रामायणाचा असो की राज्यघटनेचा, ते एक-एक मुद्दा असा उकलत नेतात की माझ्या हातातला हुक तसाच राहतो. त्यांना ऐकताना मी फक्त फॉल लावते. सरळ टाक्याला डोकं लागत नाही.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाचता येत नाही. माझ्या ऐकण्याला त्या सुरुवातीला नाकं मुरडायच्या. "रातभर कोन बोलतंय गं हे?" असं त्यांचं चालू असायचं. एकदा मी आसाराम लोमटे यांची मुलाखत लावली होती. लोमटे सेलू तालुक्यातले, 'आलोक' या कथासंग्रहाला 2016चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आत्याबाई वाती वळत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ह्यो आपल्याकडचाच हाय. बोलन्यावरून कळतंय." मी सांगितलं, पुस्तकं लिहितात, दिल्लीचं बक्षीस मिळालंय. "आन् असंच बोलतो?" त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हापासून त्या स्वतःहून विचारतात, आज कोन हाय म्हणून. पुस्तक त्यांच्यापर्यंत कधी पोचलं नसतं. लेखक पोचला.

1995ला परभणीत 68वं संमेलन भरलं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. आमचे अण्णा एसटीनं गेले, मला नेलं नाही. पोरीच्या जातीला त्या गर्दीत कशाला, असं ठरलं. परत आल्यावर अण्णा पुस्तकांच्या गाळ्यांबद्दल आणि सुर्व्यांबद्दल सांगत राहिले. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेला, शाळेत शिपाई असलेला आणि मग शिक्षक झालेला माणूस सगळ्या मराठी लेखकांच्या पुढं बसला, याचं त्यांना फार होतं. सुर्व्यांच्या इतर मुलाखती मी आता ऐकल्या आहेत, त्यांचा भरदार आवाजही ओळखीचा झाला. परभणीतल्या त्या दिवसांचं मात्र माझ्या हाती काही लागलं नाही. अण्णाही राहिले नाहीत, नाहीतर त्यांनाच मोबाईल धरून बोलतं केलं असतं.

कथाकार बी. रघुनाथ यांचा तर आवाजच मी ऐकलेला नाही. ते 7 सप्टेंबर 1953ला परभणीतच गेले, चाळीसच वर्षांचे होते. त्यांच्या नावाचं सभागृह परभणीत आहे. त्यांच्या कथा वाचताना मला हमखास वाटतं, हा माणूस बोलायचा कसा असेल?

मागे जवळच्याच एका गावात व्याख्यान होतं. वक्ते चांगले होते, म्हणून मी दुकान लवकर बंद करून गेले. एक पोरगा मोबाईल तिवईवर लावून चित्रीकरण करत होता. शाल, श्रीफळ, हार, प्रास्ताविक, परिचय, आभाराच्या आधीचे आभार, सगळं त्यात आलं. लेखक बोलायला उभे राहिले आणि बॅटरी संपली. नंतर मोबाईलच्या गटावर तो सत्कार मात्र फिरत होता. व्याख्यानानंतर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं असा प्रश्न विचारला की लेखक क्षणभर गप्पच राहिले. तो प्रश्न आता तिथं बसलेल्यांच्या आठवणीत आहे, तेवढाच.

गणपतीत, नवरात्रात, सप्ताहात, शाळेच्या गॅदरिंगला आपल्या गावोगाव लेखक-कवी येतात. ज्यांच्या हातात कार्यक्रम असतो, त्यांना माझं सांगणं आहे. सत्काराचं चित्रीकरण नाही केलं तरी चालेल. मोबाईल पूर्ण चार्ज करून लेखकाच्या जवळ ठेवा, पंख्यापासून लांब. दुसरा एक माईक श्रोत्यांत फिरू द्या, नाहीतर उत्तर ऐकू येतं आणि प्रश्न हरवतो. सुरुवातीला गाव, तारीख आणि बोलणाऱ्यांची नावं एकदा मोठ्यानं सांगून घ्या. आणि मधली शांतता कापू नका.