छर्रा नसलेला नेम

पिस्तुलात छर्रा नाही आणि तरी रोज अर्धा तास नेमबाजी! हसू आलं ना? मलाही आलं होतं. पण गेल्या पावसाळ्यात मी दीड महिना हेच केलं, तेही खुर्चीत बसून.

आम्ही दौंडचे. बाबा रेल्वेत आहेत. मी दहावीत आहे आणि १० मीटर एअर पिस्तूल खेळते. रविवारी पहाटेची गाडी पकडायची आणि पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर सरावाला जायचं, हा आमचा नेम. जुलैत मात्र सायकल चिखलात घसरली आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं. पायाला प्लॅस्टर! स्पर्धा हुकली. उशीत तोंड खुपसून मी खूप रडले.

एक गोष्ट आधीच सांगते. त्या दिवसांत माझे छर्रे सारखे खाली, डावीकडे जात. "पिस्तूल जुनं झालंय, नवं घ्या," म्हणून मी बाबांच्या मागे लागले होते. चांगलं पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. बाबांनी पतपेढीतून कर्जाचा अर्ज आणून ठेवला होता.

सरांचा फोन आला. म्हणाले, "पाय मोडलाय, हात नाही. ड्राय फायर सुरू कर."

ड्राय फायर म्हणजे छर्रा न भरता नेम धरणं आणि ट्रिगर दाबणं. काही पिस्तुलांत त्यासाठी खास सोय असते, माझ्यात आहे. नियम मात्र कडक. बाबा आधी पिस्तूल रिकामं आहे का ते तपासत, मग मी तपासायची. छर्‍यांची डबी दुसर्‍या खोलीत कुलपात. समोर कोरी भिंत आणि घरातलं मोठं माणूस शेजारी. तुम्हीही मोठ्यांशिवाय हे कधीच करू नका.

पण आमच्या खोलीत १० मीटर कुठले? अडीचच मीटर! तेव्हा भूमितीतले समरूप त्रिकोण कामाला आले. खर्‍या लक्ष्याचं काळं वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचं असतं. अंतर चौथाई, म्हणून वर्तुळही चौथाई. साधारण १५ मिलिमीटरचं वर्तुळ काढून मी भिंतीवर चिकटवलं.

दुपारी आजी शेजारी बसायची. सरांनी सांगितल्याप्रमाणे ती पिस्तुलाच्या सपाट भागावर रुपयाचं नाणं ठेवायची. ट्रिगर दाबला तरी नाणं पडता कामा नये. मी दाबलं. टक्! नाणं खाली. पुन्हा टक्, पुन्हा खाली! चौथ्यांदा नाणं उचलताना आजी म्हणाली, "अगं, देवळातली घंटा ओढावी तसं बोट ओढतेस की!"

मी चिडले. पण पुढच्या वेळी डोळे पुढच्या साइटवरून हलू दिले नाहीत. आणि दिसलं! 'टक्' व्हायच्या आधीच साइट खाली, डावीकडे झुकत होती. रेंजवर माझं लक्ष कागदावरच्या भोकाकडे असायचं, म्हणून हे कधी कळलंच नाही. पिस्तूल बिचारं निर्दोष होतं. दोष माझ्या बोटाचा होता.

त्या रात्री जेवण जाईना. शेवटी म्हटलं, "बाबा, तो अर्ज देऊ नका. चूक माझीच होती." बाबा काही बोलले नाहीत. नुसतं ताटात भाजी वाढली.

मग रोज ५० वेळा 'टक्'. ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम असावं असा नियम आहे. अर्धा किलो साखरेची पुडी हळूच उचलावी तसं दाबायचं. प्रत्येक वेळी साइट कुठे होती ते वहीत लिहायचं. भिंतीवर भोक पडत नाही, त्यामुळे 'छान' असं खोटं लिहिणं सोपं. दोनदा लिहिलंही. मग स्वतःचीच लाज वाटली आणि खोडलं.

कंटाळा आला की मला कोल्हापूरच्या राही सरनोबत आठवत. कोपराच्या दुखापतीनंतर त्या परतल्या आणि २०१८च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकलं.

प्लॅस्टर निघाल्यावर पाय काडीसारखा झाला होता. महिनाभर व्यायाम केला, तेव्हा कुठे रेंजवर उभी राहिले. पहिले काही नेम इकडे तिकडे गेले, कारण आता पाय डगमगत होते! पण खाली-डावीकडची ती जुनी खोड गेली होती.

आता तुम्ही सांगा, गणित चुकल्यावर तुम्ही पेनाला दोष देता का? मी द्यायचे. पतपेढीचा तो कोरा अर्ज मी वहीत जपून ठेवलाय. पुन्हा पिस्तुलाचा राग आला की तो काढून बघते.