अंगठा

इंदूरच्या माणसाचा पाण्याशी संबंध किती? नळाला येणारी नर्मदा, पावसाळ्यात पातालपाणीचा धबधबा आणि सुट्टीत मुंबईला आत्याकडे गेलं की जुहूची चौपाटी. असा मी गेल्या ऑक्टोबरात, लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून, बायकोबरोबर मालदीवला गेलो. तेही समुद्राखाली उतरायला! हौस तिची. मी आपला ‘हो’ म्हणालो. ‘हो’ म्हणणं मला फार सोपं जातं.

मालदीव म्हणजे प्रवाळांवर तयार झालेली सुमारे १२०० छोटी बेटं. वस्ती त्यातल्या दोनेकशे बेटांवर. १९७२ साली तिथं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही पद्धत रुळली. आमच्या बेटाला रमतगमत वीस मिनिटांत प्रदक्षिणा व्हायची. पाण्यात खांबांवर उभी असलेली खोली, खोलीतूनच समुद्रात उतरणारा जिना. एका रात्रीचं भाडं ऐकून आई म्हणाली होती, “एवढ्यात आपलं स्वयंपाकघर नवं झालं असतं रे.”

नाश्त्याला ‘मस हुनी’ असायची. टूना माशाचा चुरा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू आणि सोबत गरम ‘रोशी’. तिथल्या धिवेही भाषेत ‘मस’ म्हणजे मासा आणि ‘रोशी’ म्हणजे आपली पोळीच. ही भाषाही आपल्या मराठीच्याच कुळातली. त्यामुळे मधूनच एखादा शब्द ओळखीचं हसायचा.

कोर्सची थिअरी आम्ही घरीच ऑनलाइन केली होती. तिथं आधी उथळ पाण्यात सराव आणि मग खुल्या समुद्रात चार डाइव्ह, जास्तीत जास्त १८ मीटरपर्यंत. पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि हवा निम्म्या जागेत मावते. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून श्वास कोंडला तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. कानांचंही तसंच. उतरताना नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची, म्हणजे कान मोकळे होतात. दुखायची वाट बघायची नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ म्हणजे ‘सगळं ठीक’. आणि वर केलेला अंगठा म्हणजे ‘मी वर चाललो, डाइव्ह संपली’. आमचा प्रशिक्षक तिथलाच एक हसरा तरुण होता. त्यानं हे तीनदा बजावलं. कुणीही, कधीही, कोणत्याही कारणानं अंगठा दाखवू शकतो. समोरच्यानं वाद घालायचा नाही, का म्हणून विचारायचं नाही. जोडीदारानं सोबत वर यायचं.

मला मजा वाटली. ऑफिसच्या ग्रुपवर मी दिवसाला पन्नास अंगठे देतो. रविवारी रात्री काम आलं, दे अंगठा. अशक्य तारीख ठरली, दे अंगठा. आणि मराठीत मात्र अंगठा दाखवणं म्हणजे नकार देणं! समुद्र मराठीच्या बाजूचा निघाला.

चार डाइव्ह छान झाल्या. दहा मीटरखाली लाल रंग विझतो, सगळं निळं-हिरवं दिसतं. टॉर्च मारला की तोच करडा प्रवाळ एकदम लालभडक होतो. आम्हाला सर्टिफिकेटं मिळाली. शेवटच्या सकाळी लंकन मँटा पॉइंटला जायचं होतं. तिथं खडकापाशी प्रचंड मँटा मासे येतात आणि छोटे मासे त्यांच्या अंगावरचे परजीवी खाऊन त्यांना स्वच्छ करतात. बायको त्यासाठीच तर आली होती.

त्या सकाळी माझं नाक चोंदलेलं होतं. सर्दी असताना उतरू नये, हे मला पाठ होतं. मी कुणालाच सांगितलं नाही.

पाच-सहा मीटरवर उजव्या कानात सुई टोचल्यासारखं झालं. हवा फुंकली, कान उघडेना. प्रशिक्षकानं ‘ठीक?’ अशी खूण केली आणि माझ्या हातानं, मला न विचारता, वर्तुळ करून दाखवलं. आणखी थोडा उतरलो. कळ डोक्यात गेली. मनात हिशेब चालू होता: एवढे पैसे, तिची हौस, बाकीचे सहाजण. उद्या विमान. डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं, म्हणजे पुन्हा संधी नाही. शेवटी कानाकडे बोट केलं. त्यानं थोडं वर नेलं, पुन्हा प्रयत्न, नाहीच. मग मी अंगठा वर केला. त्यानं मान डोलावली. बायकोनंही तोच अंगठा दाखवला आणि आम्ही हळूहळू वर आलो.

धोणी नावाच्या तिथल्या बोटीवर आम्ही दोघं टॉवेल गुंडाळून बसलो. पाऊण तासानं बाकीचे आले, मँटाबद्दल एकाच वेळी सगळे बोलत. मी बायकोला म्हणालो, “तुझी डाइव्ह घालवली.”

“डाइव्हचं काही नाही,” ती म्हणाली. “सकाळीच का नाही सांगितलंस? अगदी बाबांसारखं केलंस.”

ते कानापेक्षा जास्त लागलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे ओंकारेश्वरला गेलो होतो. घाटाच्या पायऱ्या चढताना बाबांच्या छातीत दुखायला लागलं. ते बोलले नाहीत. दर्शन झालं, जेवण झालं, फोटो झाले. संध्याकाळी गाडीत घामाघूम झाले तेव्हा कळलं. रात्री अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, दुपारीच यायला हवं होतं. बाबांचं उत्तर एकच: “सगळे एवढे मजेत होते. विरस कशाला करायचा?” त्या दिवशी मी त्यांच्यावर किती ओरडलो होतो!

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं, सर्दी लपवल्याचंही. ते ऐकत राहिले. मग विचारलं, “पैसे परत दिले का त्यांनी?” आणि जरा वेळानं, “अंगठा कसा करायचा म्हणालास?”

डिसेंबरात एका नातलगाच्या लग्नात स्टेजसमोर रांगेत होतो. मागे खुर्चीवर बाबा. नजरानजर झाली आणि त्यांनी अंगठा वर केला. शेजारचे काका समजले, जेवण छान आहे. मी रांग सोडली, गाडी काढली, थेट हॉस्पिटल गाठलं. ईसीजी ठीक आला. नुसता थकवा होता.

परत येताना आई हळहळली, “अहेर द्यायचा राहिला, जेवणही बुडालं.”

मी म्हणालो, “बुडू दे.”