हात दुखायलाय, मॅडम!



गेल्या वर्षी माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. त्यातला एक मुलगा दोन ओळी लिहिल्या की पेन्सिल खाली ठेवायचा. "हात दुखायलाय, मॅडम." अक्षर वाकडं, आणि दाब एवढा की पान फाटायचं. मी म्हणायचे, "बहाणे नको, लक्ष देऊन लिही." हळूहळू त्यानं दप्तरातून वही काढणंच बंद केलं.

दिवाळीच्या सुट्टीत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी स्कूटी शिकायला घेतली. जालन्यातल्या एका मोकळ्या मैदानावर मिस्टर मागं बसून सांगायचे, "हात सैल सोड, पुढं बघ." कळत सगळं होतं, जमत काहीच नव्हतं. हँडल इतकं आवळून धरायचे की रात्री मनगटं ठणकायची. तेव्हा ते लेकरू आठवलं. त्याचा हात खरंच दुखत होता.

मग थोडं वाचलं. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात मॉस्कोत छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली टिपल्या. कसलेल्या कामगाराचा घाव नेमका बसायचा, पण हाताची वाट दर वेळी थोडी वेगळी असायची. खांदा, कोपर, मनगट एकमेकांची चूक सांभाळून घेत होते. नवशिक्याला एवढे सांधे एकदम सांभाळता येत नाहीत, म्हणून तो ते आखडून धरतो. म्हणजे आवळलेली पेन्सिल हा हट्ट नाही, ती शिकण्याची पहिली पायरी आहे. आणि सराव म्हणजे तीच हालचाल घोटणं नव्हे, तर तेच काम दर वेळी नव्यानं जमवणं.

सुट्टीनंतर मी त्याची वही बाजूला ठेवली. फरशीवर खडूनं हातभर 'ग', मातीत काडीनं 'ग', मग पाटीवर, शेवटी वहीत. मोठ्या अक्षराला खांदा हलतो, लहानाला बोटं. "दुखलं की थांब," हेही सांगितलं.

संक्रांतीच्या सुमारास त्यानं आपणहून वही पुढं केली. "पान भरलं, मॅडम." अक्षर अजून वाकडंच होतं, पण पान कुठंही फाटलेलं नव्हतं.

माझी स्कूटीही अजून वळणावर अडखळते. तेव्हा पालकहो, लेकरू "हात दुखतो" म्हणालं, तर रागावण्याआधी त्याचा हात हातात घेऊन बघा.